उजळून आणलेलं सोनं पुन्हा काळवंडतंय? आधी काळेपणा कसला आहे ते ओळखा

सराफाकडून चकचकीत करून आणलेलं गंठण दीड-दोन महिन्यांत पुन्हा मळकट दिसायला लागतं. मग पुन्हा सराफ बाजारात फेरी, पुन्हा पॉलिश, आणि पुन्हा तेच. तक्रार दर वेळी त्याच शब्दांत सांगितली जाते, ‘सोनं काळं पडलं.’ पण या एका वाक्यात पाच-सहा निरनिराळे बिघाड येतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. नुसता मळ असेल तर घरचं कोमट पाणी पुरतं. मुलामा झिजला असेल तर कितीही घासलं तरी उपयोग नाही. कारण न ओळखता दर खेपेला पॉलिश केलं की दागिना झळकतो खरा, पण दर खेपेला वरचा थोडा थर निघून जातो आणि मूळ कारण तसंच राहतं.

शुद्ध सोन्यावर हवा, पाणी, घाम यांचा काही परिणाम होत नाही. पण २४ कॅरेट सोनं इतकं मऊ असतं की त्याचा रोजच्या वापराचा दागिना टिकत नाही, म्हणून त्यात तांबं, चांदी, कधी जस्त मिसळतात. २२ कॅरेट म्हणजे ९१६ शिक्क्याच्या १० ग्रॅम दागिन्यात ९.१६ ग्रॅम सोनं आणि उरलेले ०.८४ ग्रॅम इतर धातू. १८ कॅरेटमध्ये, म्हणजे ७५० च्या दागिन्यात, हे इतर धातू २.५ ग्रॅमवर जातात. काळं पडतं ते यांच्यातलं तांबं आणि चांदी. त्यामुळे आजीच्या २२ कॅरेटच्या पाटल्या वर्षानुवर्षं पिवळ्याधमक राहतात आणि नव्या डिझाइनची १८ कॅरेटची अंगठी सहा महिन्यांत तांबूस दिसते. ही फसवणूकच असेल असं नाही, धातूचं प्रमाणच वेगळं आहे.

आधी ओळख, मग इलाज

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसा. पांढरं मलमलचं फडकं आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो, झूम केला की भिंगाचं काम होतं.

मळ असेल तर तो नक्षीच्या खाचांत, कड्यांच्या आत, वाटीच्या काठाला बसलेला दिसतो आणि उंचवटे मात्र चकाकत असतात. क्षारांचा आणि साबणाचा थर असेल तर सगळाच दागिना दुधाळ, निस्तेज दिसतो, काळा नव्हे. ओला असताना चमकतो आणि वाळला की पुन्हा फिका पडतो. ही खूण पक्की आहे. धातूच काळवंडला असेल तर काळसर-तांबूस छटा सांध्यांजवळ सर्वांत जास्त असते आणि साबणाच्या पाण्यानं ती हलत नाही. मुलामा झिजला असेल तर कडा, उंचवटे आणि कातडीला घासणारी मागची बाजू आधी लालसर किंवा पितळी दिसते. पांढरे, चांदीसारखे ठिपके दिसले तर ते पाऱ्याचं काम, त्याबद्दल पुढे. आणि दागिना स्वच्छ असूनही मान किंवा बोट काळं होत असेल तर दागिन्यापेक्षा पावडरचा डबा तपासा. टाल्कम पावडर, सनस्क्रीन, फाउंडेशन यांतले झिंक ऑक्साइडसारखे कण सोन्यापेक्षा कठीण असतात, ते पृष्ठभागावरून अतिसूक्ष्म कण खरवडून काढतात. सोन्याचा इतका बारीक चुरा पिवळा दिसत नाही, काळा दिसतो. पावडर लावून दहा मिनिटं थांबा, पुसा, मग दागिना घाला. बहुतेकांचा त्रास एवढ्यानंच थांबतो.

सोलापुरातली सर्वांत जास्त आढळणारी तक्रार: निस्तेजपणा

उजनी धरणाचं नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून आलेलं बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला जो पांढरा थर चढतो तोच गळ्यातल्या सोन्यावरही चढतो. त्यात अंगाचा साबण मिसळला की क्षार आणि साबण मिळून चिकट, न विरघळणारी साय तयार होते. बाथरूमच्या फरशीवर पाय घसरतो तो हिच्यामुळे. मंगळसूत्र गळ्यात ठेवून रोज आंघोळ केली की ही साय रोज एक थर चढवते, त्यावर घाम, त्यावर खोबरेल. मग त्याच अंगाच्या साबणानं दागिना ‘धुतला’ जातो आणि थर आणखी जाड होतो. पुन्हा पुन्हा निस्तेज होणाऱ्या दागिन्यांचं हे एक नंबरचं कारण आहे, आणि यावर पॉलिश करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

दागिना मोती, पोवळं, खडे, मीना, लाख यांपैकी काहीही नसलेला, साधा भरीव २२ कॅरेट सोन्याचा असेल तर थर असा काढायचा. पाव लिटर आरओच्या पाण्यात दोन चहाचे चमचे पांढरं व्हिनेगर घाला, दागिना पाच मिनिटं बुडवून ठेवा, काढा, लगेच आरओच्या पाण्यानं धुवा. मग पुढे दिलेली नेहमीची धुलाई करा. हे एकदाच करायचं, दर आठवड्याला नव्हे. थर जमूच न देणं हाच खरा इलाज.

काही घरांत मंगळसूत्र गळ्यातून काढत नाहीत. काढायची गरजही नाही. अंगावर शेवटचा तांब्या घेऊन झाला की एक पेलाभर आरओचं पाणी मंगळसूत्रावर पुढून-मागून ओता आणि मलमलनं टिपून घ्या, वाट्यांची मागची बाजू आणि मण्यांच्या सरीही. जड पाणी दागिन्यावर वाळलं तर थर बसतो, टिपून घेतलं तर बसत नाही. आंघोळीनंतरचं अर्धं मिनिट वर्षाचं पॉलिश वाचवतं.

नेहमीची धुलाई

लाख, मोती, कुंदन असलेल्या आणि मुलाम्याच्या दागिन्यांना ही धुलाई नाही, त्यांचं पुढे. काचेचा किंवा चिनी मातीचा वाडगा घ्या, तळाला मलमलचा तुकडा पसरा म्हणजे दागिना घासला जात नाही. पाव लिटर पाणी, मनगटावर टाकलं तर जेमतेम कोमट लागेल इतपत, साधारण ४० अंश. त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब. वडी नको, वडीत घासणारी भुकटी असते. अंगाचा साबणही नको, कारण वर आलंच. दागिना पंधरा मिनिटं भिजू द्या. मग लहान मुलांच्या सर्वांत मऊ ब्रशनं, दाब न देता, खाचेच्या दिशेनं ब्रश फिरवा. कड्यांच्या आत, वाटीच्या काठाखाली, साखळीच्या प्रत्येक जोडावर. ब्रश जाणार नाही तिथे काडेपेटीच्या काडीचं मागचं टोक चालतं. सुई, टाचणी, सेफ्टी पिन कधीच नाही.

द्रव साबणाऐवजी रिठा वापरला तर उत्तमच. सोनार मंडळी रिठ्याचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आली आहेत आणि त्याला पक्कं कारण आहे. रिठ्याचा फेस जड पाण्यातल्या क्षारांशी मिळून साय धरत नाही, म्हणून सोलापूरच्या पाण्याला तो साबणापेक्षा जास्त मानवतो. पाच-सहा रिठे फोडून बिया काढा, टरफलं पाव लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळून घ्या. उरलेलं पाणी ठेवू नका, दुसऱ्या दिवशी आंबतं.

धुवायचं दोन वाडग्यांत, वाहत्या नळाखाली नाही. शेवटचं पाणी आरओचं. वाडग्यातलं पाणी मोरीत ओतण्याआधी चहाच्या गाळणीतून गाळा. निखळलेला खडा, फिरकी, तुटकी कडी गाळणीत सापडते, मोरीत सापडत नाही. मग मलमलनं टिपून पंख्याखाली सावलीत तीन-चार तास. पोकळ दागिन्याला बारीक भोकं असतात, ती खाली येतील असा ठेवा, नाहीतर आत शिरलेलं पाणी तिथेच साचतं आणि चार दिवसांनी काळा ओघळ बाहेर येतो. उन्हात नको आणि हेअर ड्रायर तर नकोच.

रोज गळ्यात असलेल्या मंगळसूत्राची पहिली धुलाई केली की वाडग्यातलं पाणी बघा. आधी ते राखाडी होतं, मग वर तेलाचे बारीक डोळे तरंगतात आणि तळाला कुंकवाची तांबडी रेघ साचते. मलमलवर कापसाचे तंतू राहतात, यंत्रमागाच्या वस्तीत राहणाऱ्यांच्या दागिन्यात तर हमखास. पाटल्यांतून निघतं ते ज्वारीचं पीठ. भाकरी थापताना ओलं पीठ नक्षीत बसतं, वाळतं, त्यावर तेल चढतं आणि दगडासारखं होतं. एवढं सगळं बाहेर पडल्यावर बहुतेक वेळा दागिन्याला पॉलिशची गरजच नव्हती हे कळतं.

हळदीचा पिवळा डाग पाण्यानं निघत नाही, कारण हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून हळदीच्या कार्यक्रमानंतर साध्या सोन्यावर आधी कापसाच्या बोळ्यानं खोबरेल तेल फिरवा, पाच मिनिटांनी पुसा, मग साबणाच्या पाण्यात टाका. मोत्यांच्या दागिन्याला हा उपाय नाही. मोत्यांचे दागिने हळदीच्या आधी काढून ठेवणं हेच बरं.

धातू खरोखर काळवंडला असेल तर

साबणानं न हलणारा काळेपणा सांध्यांवर आधी येतो, कारण झाळणीसाठी, म्हणजे सांधे जोडायला, वापरलेलं सोनं लवकर वितळावं म्हणून त्यात तांबं-चांदी-जस्ताचं प्रमाण निराळं ठेवलेलं असतं. हा काळेपणा वाढवणाऱ्या गोष्टी स्वयंपाकघरातच आहेत. लसणात आणि कांद्यात गंधकाची संयुगं असतात, गंधक तांब्याला आणि चांदीला काळं करतं. उखळात शेंगा चटणी कुटताना लसूण, तिखट आणि शेंगांचं सुटलेलं तेल तिन्ही एकदम अंगठीच्या कड्याखाली जातात. तेल लसणाचा रस तिथे धरून ठेवतं, आणि साध्या पाण्यानं हात धुतला तरी कड्याखालचा भाग कोरडाच राहतो. चटणीला, मसाला वाटायला बसताना अंगठी काढून ठेवा. पाटल्या निघत नसतील तर काम झाल्यावर द्रव साबणानं पाटली फिरवून फिरवून धुवा. रबर बँडमध्येही गंधक असतं, म्हणून दागिन्याच्या पुडीला रबर बँड लावू नका, दोरा बांधा.

दुसरं कारण घाम. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून ४४ अंशांपर्यंत जातो, अंगावरचा घाम वाळत राहतो आणि त्यातलं मीठ तांब्यावर काम करतं. उन्हाळ्यात दागिना आठवड्यातून एकदा नुसत्या आरओच्या पाण्यात बुडवून टिपला तरी पुरतं. हिवाळ्यात महिन्यातून एकदा.

आलेला काळेपणा काढायला सराफाकडे मिळणारं सोन्याचं पॉलिशचं कापड चांगलं. एका जागी दहा-पंधरा हलके हात, एकाच दिशेनं, गोल गोल नव्हे. कापड काळं होईल, ते धुवायचं नाही.

चिंच, लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा, राख, तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर हे सगळं बाजूला ठेवा. साध्या भरीव सोन्याला वर सांगितलेलं पाच मिनिटांचं पातळ व्हिनेगर, तेही एकदाच, एवढाच अपवाद. चिंचेनं सोनं लखलखतं हे खरं आहे, कारण आम्ल वरचं काळवंडलेलं तांबं खाऊन टाकतं. पण तेच आम्ल लाखेच्या फटीत, खड्याच्या बैठकीत आणि झाळलेल्या सांध्यात शिरून राहतं आणि काम करत राहतं. टूथपेस्ट, सोडा आणि राख घासतात. सोनं काचेपेक्षा खूप मऊ आहे, त्यावर उठलेले बारीक ओरखडे उजेड पसरवून टाकतात आणि दागिना घासून घासून आणखी निस्तेज होतो.

क्लोरीनपासून मात्र खरा धोका आहे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचं प्रमाण फार कमी असतं, त्यानं काही होत नाही. साठवलेल्या टाकीत हातानं ब्लीचिंग पावडर कालवताना, फरशीला ब्लीच लावताना आणि पोहण्याच्या तलावात उतरताना मात्र दागिने काढा. क्लोरीन सांध्यातल्या मिश्रधातूंवर हल्ला करतं. वरून काही दिसत नाही आणि एक दिवस साखळी सांध्यावर मोडते. १८ आणि १४ कॅरेटला हा त्रास २२ कॅरेटपेक्षा जास्त. संडास साफ करायचं अॅसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. तो आधी तुमच्या फुप्फुसात जाईल, सोन्याचा विचार नंतरचा.

पांढरे ठिपके

फुटलेला जुना थर्मामीटर किंवा रंग उजळवणारं पारायुक्त क्रीम यांतला पारा सोन्याला लागला की तो सोन्यात मुरतो आणि जागा चांदीसारखी पांढरी होते. ती घासून जात नाही. गॅसवर गरम केली की जाते असं सांगणारे भेटतात आणि ती जातेही, पण पाऱ्याची वाफ सगळ्या घरात पसरते. ती श्वासात गेली तर मेंदू आणि मूत्रपिंडावर जाते. दागिना झाकणाच्या बाटलीत घालून सराफाकडे न्या आणि पारा लागला आहे हे आधी तोंडानं सांगा, म्हणजे कारागीर नुसत्या भट्टीजवळ धरणार नाही. कारण क्रीम असेल तर ते वापरणंही थांबवा, कातडीलाही तोच पारा लागतो आहे.

सारखी तुटणारी कडी

काळवंडण्याच्या खालोखाल ही तक्रार. मंगळसूत्राची वाटी जिच्यात अडकवलेली असते ती कडी, साखळीचा फासा, कानातल्याची फिरकी. कडी जोडून आणली, वर्षभरात पुन्हा तुटली. दोष दर वेळी सोनाराच्या हाताचा नसतो.

कॅमेरा कडीवर धरा आणि मोठं करून बघा. नवी कडी सगळीकडून सारख्या जाडीची गोल असते. वापरलेली कडी जिथे दुसऱ्या कडीवर टेकते तिथे आतून खाल्ल्यासारखी होते, वरची बाजू जाड आणि खालची चंद्रकोरीसारखी बारीक. दोन कड्या हलत राहतात, मध्ये धूळ आणि पिठाचा कण असतो, तो कानशीसारखं काम करतो. म्हणजे जो मळ दागिना काळा करतो तोच तो तोडतोही. बारीक झालेला भाग मूळ जाडीच्या निम्म्यावर आला की कडी बदलायची. तिला नुसती झाळ देऊन उपयोग नाही, कारण झाळ तुटलेल्या जागी बसते आणि बारीक झालेली जागा तशीच राहते. पुढच्या खेपेला ती तिथेच तुटते. सोनाराला ‘जोडून द्या’ म्हणू नका, ‘कडी बदलून द्या’ म्हणा, आणि समोरची कडीही बघायला सांगा. झिजतात त्या दोघी एकदमच.

काळे मणी सोन्याच्या तारेत गाठवलेले असतील तर तार वाकून वाकून ठिसूळ होते. मण्यांची सर पांढऱ्या कागदावर सरळ ठेवा. दोन मण्यांमध्ये तारेला कोन पडलेला दिसला तर तुटायची जागा तीच. रात्री सर उशीखाली दबते, पदराची जर अडकते, मूल ओढतं, तेव्हा ताण याच कोनावर येतो. दोऱ्यात ओवलेली सर असेल तर पटवेकऱ्याकडून वर्षातून एकदा नव्यानं ओवून घ्या, दोरा तुटायची वाट बघू नका.

पाटल्यांबरोबर काचेच्या बांगड्या घालायची आपली पद्धत आहे. काच सोन्यापेक्षा कठीण. पाटलीच्या काचेला टेकणाऱ्या कडा वर्षानुवर्षं झिजतात आणि ते वजनात दिसतं. बांगड्या आणि पाटलीमध्ये गोठ किंवा एखादी गुळगुळीत गोल सोन्याची बांगडी घातली तर नक्षी वाचते.

लाख, मोती, कुंदन

बोरमाळेचे मणी, ठुशी, वज्रटीक, पुष्कळ वाट्या आणि तोडे आतून लाखेनं भरलेले असतात. वरचा पत्रा पातळ, आकार लाखेनं धरलेला. लाख साधारण ६५ ते ७५ अंशांना मऊ होते. उकळतं पाणी तर सोडाच, मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पुढच्या फळीवर ठेवलेली बोरमाळही मऊ पडू शकते. लाख सरकली की मणी आतून पोकळ होतो आणि बोटाच्या दाबानं चेपतो. आजेसासूबाईंच्या बोरमाळेत एखादा चेपलेला मणी असतो तो बहुतेक असाच. अशा दागिन्यांना बुडवून धुणं नाही. घट्ट पिळलेल्या ओल्या मलमलनं पुसायचं, लगेच कोरड्यानं पुसायचं, बस.

नथ, तन्मणी, चिंचपेटी यांतला मोती आम्लात विरघळणाऱ्या पदार्थाचा, चुनखडीच्या जातीचा. व्हिनेगर, लिंबू, घाम, अत्तर सगळं त्याला लागतं. साजशृंगार झाल्यावर शेवटी मोती घाला आणि घरी आल्यावर सर्वांत आधी काढा. ओलसर मलमलनं मोती पुसा, दोरा भिजू देऊ नका. कुंदनच्या खड्यामागे चकाकीसाठी पातळ पत्रा असतो. पाणी आत शिरलं की तो काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो, मग खडा काढून पुन्हा बसवण्याशिवाय इलाज नाही. अल्ट्रासॉनिक यंत्रात मोती, पोवळं, पाचू, कुंदन आणि चिकटवलेले खडे घालू द्यायचे नाहीत.

एक ग्रॅमचे दागिने आणि मुलाम्याचे दागिने यांवर वरचं काहीच लागू नाही. मुलामा गेला की पुन्हा चढवून घ्यायचा. पांढरं सोनं पिवळट दिसायला लागलं तर वरचा ऱ्होडियमचा थर झिजला आहे, तोही पुन्हा चढवता येतो.

सराफाकडे देताना

रोजच्या दागिन्याला पॉलिश वर्षातून एकदा पुरे, जपून घातलेल्याला तर लग्नसराईआधी किंवा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी एकदा. तराजू तीन दशांशांपर्यंत दाखवतो. आधी घरी धुऊन, वाळवून न्या, म्हणजे मळाचं वजन सोन्यात धरलं जाणार नाही आणि नंतरची तूट कशाची यावर वाद होणार नाही. वजन तुमच्यासमोर, देताना आणि घेताना. पावतीवर दोन्ही आकडे. साध्या पॉलिशमध्ये काही मिलीग्रॅम घट समजण्यासारखी आहे. शंभर मिलीग्रॅम, म्हणजे ०.१०० ग्रॅमचा फरक आला तर विचारा, आजच्या भावात ते हजार रुपयांच्या वर जातं.

दारावर येऊन ‘सोनं पॉलिश करून देतो’ म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. तो आधी तांब्याचं भांडं चकचकीत करून दाखवतो, मग पैंजण, मग गळ्यातलं मागतो. दागिना द्रावणात बुडवतो, हळदीच्या पाण्यात घालून डबा बंद करतो आणि अर्ध्या तासानं उघडा म्हणतो. त्या द्रावणात नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक अॅसिडचं मिश्रण असतं, आणि सोनं विरघळवणारं ते मिश्रण आहे. दागिना परत मिळतो, चमकतोही, पण बारीक झालेला असतो. विरघळलेलं सोनं तो बाटलीतून घेऊन जातो. काहीजण डब्यातून दागिनाच लांबवतात. दुपारी घरात आई किंवा आजी एकटी असेल तर तिला हे आजच सांगून ठेवा. असं झालंच तर ११२ ला फोन करा आणि उरलेलं द्रावण ओतू नका. त्याला हात न लावता ते पोलिसांना दाखवा.

आणखी एक काम पॉलिशला देण्यापूर्वीच करायचं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असल्याशिवाय तो विकता येत नाही. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक लेसरनं वरच्यावर कोरलेला असतो, जोरात घासलेल्या पॉलिशनं तो पुसट होतो. मोबाइलनं त्याचा जवळून फोटो काढा, ‘बीआयएस केअर’ अॅपवर क्रमांक टाकून शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार जुळतो का बघा, आणि फोटोबरोबर वजन लिहून ठेवा. जुन्या, शिक्का नसलेल्या दागिन्याची शुद्धता हॉलमार्किंग केंद्रात तपासून मिळते. कडी बदलून आणल्यावर शिक्का कुठे आहे ते पुन्हा बघा. तो नेमका काढून टाकलेल्या कडीवर असेल, तर जुनी कडी मागून घ्या.